नमस्कारांची रोजकीर्द

वडिलांच्या पश्चात त्यांच्या पेटीतून ज्या लांबोडक्या, लाल बांधणीच्या वह्या निघाल्या, त्या प्रथमदर्शनी घरखर्चाच्याच असाव्यात असे वाटले. कारण रकाने रोजकीर्दीचे होते आणि अक्षर मामलेदार कचेरीत हयात घालविलेल्या कारकुनाचे होते. परंतु जमेच्या बाजूस रुपये-आणे नव्हते. तेथे प्रत्येक तारखेसमोर त्या दिवशी घातलेल्या सूर्यनमस्कारांची संख्या होती, आणि नावेच्या बाजूस दोन्ही वेळच्या आहाराची एकेका ओळीची नोंद होती. पहिली वही १९४९ ची, शेवटची २००६ ची. सत्तावन वर्षांचे हे दफ्तर मी गेले वर्षभर वाचीत आहे.

वडिलांचे बालपण औंध संस्थानात, यमाईच्या डोंगराखाली गेले, आणि या वह्यांचे मूळ तेथेच आहे. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी नमस्कारांचा परिपाठ संस्थानच्या शाळांतून सक्तीने चालू केला होता. चित्रकला आणि कीर्तन यांत रमणाऱ्या या राजाने १८९७ च्या सुमारास परदेशी व्यायामपटू युजेन सँडो याची पुस्तके व उपकरणे मागवून त्याच्या पद्धतीचा व्यायाम सुमारे दहा वर्षे निष्ठेने केला, आणि १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून, तो सूर्यनमस्कारांकडे वळला. परदेशी सोडून स्वदेशी धरले, एवढाच या घटनेचा अर्थ सामान्यतः लावला जातो. मला त्यात निराळेच काही दिसते. दहा वर्षे न चुकता शरीराला ठराविक वेळ देण्याचा जो शिरस्ता पडला होता तो अबाधित राहिला, त्या वेळात करावयाची गोष्ट तेवढी बदलली. आणि म्हणूनच चाळिशीत धरलेला नवा व्यायाम अंगवळणी पडणे त्यांना जड गेले नसावे. १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे पुस्तक निघाले, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. याच औंधात स्वाध्याय मंडळ चालविणारे पंडित सातवळेकर हेही नमस्कारांचे निष्ठावंत पुरस्कर्ते. ते १९६८ साली, शंभरी ओलांडून, कैलासवासी झाले. दीर्घायुष्याचे सारे श्रेय एका व्यायामास देण्याचे धाडस मी करणार नाही, पण ही दोन माणसे माझ्या वडिलांच्या डोळ्यांसमोर होती, हे निश्चित.

तरीही पहिल्या वहीचा आरंभ चुकीचाच झाला आहे. एकविसाव्या वर्षाच्या उत्साहात वडिलांनी रोज १०८ नमस्कारांचा संकल्प सोडला. एकोणीस दिवस तो आकडा टिकला, विसाव्या दिवशी ‘उजवा खांदा’ एवढेच दोन शब्द आहेत, आणि पुढे दोन महिन्यांचा खाडा. तरुण स्नायू थोड्या आठवड्यांत बळ धरतात, पण त्यांना हाडाशी जखडणाऱ्या कंडरा फार संथपणे घट्ट होतात. बळ आले म्हणून माणूस भार वाढवितो, आणि तो भार जिने पेलावयाचा तिची तयारीच झालेली नसते. खाड्यानंतर आकडा १२ आहे. तो दीड वर्ष १२ च राहिला, मग १५, आणि १९५४ पासून २५. यानंतर वर्षानुवर्षे, पानांमागून पाने, तोच आकडा. वाचताना आरंभी कंटाळा आला, हे खरे. पण थंडीतल्या, बदलीच्या गावच्या, आजी गेली त्या आठवड्यानंतरच्या पानांवरही तो २५ दिसू लागला, तेव्हा त्या आकड्याविषयी माझ्या मनात आदर दाटून आला.

नावेच्या बाजूचीही हीच कथा. ‘ज्वारीची भाकरी दोन, चाकवत, ताक’; ‘भाकरी दोन, मटकीची उसळ, कांदा’. लग्नसराईत मात्र ‘पंगत, बुंदी, जिलबी’ आढळते, आणि त्याखाली, त्याच तारखेस, ‘रात्री फक्त ताक’. दुसऱ्या दिवशी पुन्हा भाकरी दोन. बुंदीबद्दल खंत नाही, प्रायश्चित्ताचा कडकडीत उपास नाही. चुकलेली रक्कम दुसऱ्या दिवशी जुळवून घ्यावी तसा हा सरळ व्यवहार आहे. आहाराचे नियम मोडतात ते बहुधा मेजवानीमुळे नव्हे, तर मेजवानीनंतर ‘आता मोडलाच आहे’ असे म्हणण्यामुळे, हे माझे मत या वह्यांनी पक्के केले. लंडनमधील काही संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी तपासून २०१० साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात एखादी कृती सहजवृत्ती होण्यास सरासरी ६६ दिवस लागतात, कोणास १८ तर कोणास २५४ लागण्याचा संभव असतो, आणि मधला एखादा दिवस चुकल्याने या घडणीत फारसा व्यत्यय येत नाही, असे आढळले. वडिलांनी तो निबंध वाचला असण्याचा संभव नाही. पण एका दिवसाच्या खाड्याला त्यांनी कधी महत्त्व दिले नाही, आणि खाड्याची नोंद कधी टाळलीही नाही.

सर्वांत मोठा खाडा १९८७ चा. वैशाखात त्यांना विषमज्वराने गाठले. वहीत बावन्न तारखा माझ्या आईच्या हातच्या आहेत, जमेचा रकाना कोरा, नावेला ‘पेज’, ‘पेज’, ‘मुगाचे कढण’. मग आषाढी एकादशीस वडिलांचे स्वतःचे, किंचित थरथरलेले अक्षर पुन्हा दिसते. आकडा २. दुसऱ्या दिवशी २. त्या आठवडाभर २ च. पुढे ३, ३, ४, मध्ये एक दिवस पुन्हा २, समासात ‘चक्कर’. श्रावणात ७, गणपतीत ११, नवरात्रात १८. एकोणसाठ वर्षांचा, तेवीस नमस्कारांची तूट आलेला हा मनुष्य घाई करीत नाही, आणि मधल्या बावन्न दिवसांची थकबाकी वसूल करण्याचाही प्रयत्न करीत नाही. २५ चा आकडा परत आला तो नरकचतुर्दशीच्या पहाटे. त्याच्यापुढे, नावेच्या बाजूस, ‘फराळ, चकली दोन’.