वरच्या अंगाला काय चाललंय?

मे महिन्यात कल्याणपलीकडचे ओढे कोरडे ठाक पडतात, पण खडवलीला भातसेत पाणी असतं. रविवारी कसारा लोकलमधून उतरलेली गर्दी नदीकडे निघते. कुणाच्या हातात पातेलं, कुणाच्या खांद्यावर टायरची ट्यूब. ऐन उन्हाळ्यात हे पाणी येतं कुठून, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. ते मुंबईचं पाणी आहे. शहापूर तालुक्यातल्या भातसा धरणातून मुंबईच्या वाट्याचं पाणी नदीच्या पात्रातच सोडतात, खाली पिसे इथल्या बंधाऱ्यापाशी उचलतात आणि पांजरापूरला शुद्ध करून पुढे पाठवतात. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांचा उपयुक्त साठा १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. त्यातला जवळजवळ निम्मा, ७,१७,०३७ दशलक्ष लिटर, एकट्या भातसेचा. आपण ज्यात डुंबतो ती नदी म्हणजे एका महानगराची उघडी जलवाहिनीच आहे, आणि तिचा व्हॉल्व्ह आपल्या हातात नाही.

पावसाळ्यात हीच नदी फेसाळते. मग कल्याण-डोंबिवलीच्या एखाद्या मित्रमंडळात हमखास विषय निघतो : राफ्टिंगला ऋषिकेशला कशाला जायचं, नदी तर दारात आहे! एक रबरी बोट, चार वल्ही, झालं. अशा बेताला माझं उत्तर सरळ ‘नको’ असं आहे. वल्हं मारता येतं की नाही, हा प्रश्न फार पुढचा. आधी विचारायचं ते हे, की आज या पात्रात जे पाणी येतंय ते कुणी सोडलंय, किती सोडलंय आणि आणखी किती येणार आहे.

हिमालयातल्या मोठ्या नद्या बर्फाच्या वितळण्यावर चालतात, त्यांच्या चढउताराला थोडी तरी लय असते. तरीही ऐन पावसाळ्यात ऋषिकेशचं राफ्टिंग बंद ठेवतात. सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड आणि उताराच्या. घाटमाथ्यावर पहाटे कोसळलेला पाऊस दुपारपर्यंत खाली दारात येतो, आणि खाली त्या वेळी लख्ख ऊनही असू शकतं. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीचं पाणी बदलापूर–वांगणीदरम्यान रुळांवर चढलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराहून जास्त प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ते प्रवाहात मधोमध उभे होते आणि पाणी वाढत गेलं.

भातसेत तर पाणी दोन बाजूंनी येतं. धरणाचे दरवाजे उघडले तर निदान नदीकाठच्या गावांना इशारा देतात, बातमी येते. धरणाच्या खाली नदीला मिळणाऱ्या ओढ्यांची बातमी कुणीच देत नाही. आणि आलेली बातमी तरी आपण कशी वाचतो? ‘पाच हजार क्युसेक विसर्ग’ असं छापून येतं आणि आपण पान उलटतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. पाच हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक लाख चाळीस हजार लिटर. सोसायटीत उन्हाळ्यात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. तसे चौदा टँकर, प्रत्येक सेकंदाला. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ‘गुडघाभरच आहे की’ म्हणणारा माणूस खोली मोजतो, वेग मोजत नाही.

मग फेसाळत्या पाण्याची हौस भागवायची कुठे? रायगड जिल्ह्यात, कोलाडजवळ कुंडलिकेवर. तिथली गंमत अशी की तिथलं पाणीही सोडलेलंच असतं, पण वीजनिर्मितीसाठी. मुळशी धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवून टाटांच्या भिरा वीजकेंद्रात उतरवतात. ते १९२७ पासून चालू आहे. (ज्या धरणासाठी मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापट सत्याग्रहाला उभे राहिले, तेच हे धरण. बोटीत बसून ओरडताना एवढी आठवण ठेवायला हरकत नाही.) जनित्रं फिरवून बाहेर पडलेलं पाणी सकाळी कुंडलिकेत येतं आणि राफ्टवाले त्या पाण्यावर स्वार होतात. म्हणून तिथे भल्या पहाटे हाकारे सुरू होतात. उशीर केलात तर पाणी तुमच्यासाठी थांबत नाही. आदल्या संध्याकाळी पोचून मुक्काम करणं उत्तम. डोंबिवलीकरांना तर शेजारच्या दिव्याहून रोह्याची गाडी आहे, पुढे कोलाड जवळच.

खळाळत्या पाण्याची प्रतवारी एक ते सहा अशी करतात. एक म्हणजे नुसती खळखळ, सहा म्हणजे निष्णातांनीही विचार करावा असं पाणी. कुंडलिका एरवी दोन-तीनच्या घरात असते. मात्र ही प्रत नदीला जन्मभर चिकटलेली नसते. पाणी वाढलं की तीच जागा वरच्या प्रतीत जाते. त्यामुळे गेल्या वर्षी सोपं गेलं होतं, या वाक्याला काही अर्थ नाही.

राफ्टिंगवाला निवडताना दर आणि जेवणाचा मेनू नंतर विचारा. राज्य सरकारचं साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्याखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. ती आहे का, हे आधी. प्रत्येक राफ्टवर प्रशिक्षित गाईड, सोबत सुटका करायला कयाकवाला, आणि पाणी जास्त असेल तर ट्रिप रद्द करून पैसे परत देण्याची तयारी हवी. या शेवटच्या प्रश्नावर जो आढेवेढे घेतो त्याच्याकडे जाऊ नये. लाइफ जॅकेट खांद्याला धरून वर ओढून बघा. हनुवटीपर्यंत सरकलं तर पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. हेल्मेट बुडण्यासाठी नव्हे, दगडासाठी असतं. रात्री घेतलेली दारू सकाळी उतरली असं मानू नये.

राफ्टमधून पडलात तर पहिली ऊर्मी उभं राहण्याची होते, आणि तीच घातक. तळाशी दोन दगडांच्या फटीत पाऊल अडकतं, मागून पाणी पाठीवर ढकलतं आणि माणूस कमरेएवढ्या पाण्यात तोंडावर दाबला जातो. म्हणून पाठीवर तरंगायचं, पाय खालच्या अंगाला, बोटं पाण्यावर दिसतील असे. समोर दगड आला तर पायानं झेलता येतो.

दगडांपेक्षा बंधारा वाईट. छोटा, साधा, एकसारखी धार पडणारा बंधारा काठावरून किती निरुपद्रवी दिसतो! पण धारेच्या पायथ्याशी पाणी मागे वळून पुन्हा धारेखाली येत राहतं. त्या फेऱ्यात सापडलेली वस्तू बाहेर पडत नाही, आणि फेसाच्या पाण्यात हवाच इतकी असते की पोहायला धड आधार मिळत नाही. पट्टीचे पोहणारे इथेच जातात. बंधारा असलेल्या पात्रात बोट घालायची नाही, यात तडजोड नाही.

आखूड नद्यांवर पावसाळ्यात हा खेळ होतच नाही असं नव्हे. केरळात कोझिकोड जिल्ह्यातल्या चालिपुळेवर पावसाळ्यातच कयाकिंगच्या स्पर्धा भरतात, बाहेरदेशीचे खेळाडू येतात. पण तिथे आधी पात्र पायी तपासतात, बाहेर पडायच्या जागा ठरवतात, वळणावळणावर दोर घेऊन माणसं उभी करतात. ही तयारी खडवलीत कुणी केलेली नसते. जिल्हाधिकारी पावसाळ्यात अशा ठिकाणी मनाईचे आदेश काढतात; फलकाकडे पाठ करून फोटो काढले जातात.

खडवलीला जायचंच असेल तर काठावर बसा, आणि पाण्यावर नजर ठेवा. नितळ पाणी गढूळ झालं, काड्या-पाचोळा वाहून यायला लागला, मघाशी दिसत असलेला दगड दिसेनासा झाला, की लगेच सामान सोडून वर यायचं. गाडी पात्रात लावू नये. कुणी वाहताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नये; असा दुसरा बळी जातो. काठावरून काठी, ओढणी, दोर, जे पोचेल ते द्यायचं, ११२ ला फोन करायचा. दोर बुडणाऱ्याच्या अंगावरून पलीकडे जाईल असा फेकायचा, म्हणजे तो त्याच्या हाताला लागतो. नदीकाठच्या प्रत्येक टपरीत वीसेक मीटरचा दोर टांगलेला असावा, असं मला फार वाटतं. ते होईपर्यंत वीस लिटरचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावून मुठीला दोरी बांधलेला, सहलीच्या सामानात असू द्या. तो फेकता येतो, दिसतो आणि माणसाला तोलून धरतो.