एक आकडा बदलला, सगळी फाइल बदलली

गोंदियाजवळच्या नागरा गावातील एका शिक्षकमित्राने पावसाळा संपल्यावर आमच्यापुढे एक कोडे ठेवले. शाळेच्या पर्जन्यमापकावरील रोजची नोंद दोन शिक्षक संगणकावरील तक्त्यात भरत. कोणी कधी काय बदलले ते कळावे म्हणून तक्ता त्यांनी 'गिट' या व्यवस्थेत ठेवला होता. एके दिवशी पाहतात तो जुलैमधल्या १६ दिवसांच्या नोंदी गायब! काय बदलले असे गिटला विचारले, तर उत्तर एवढेच : या बायनरी फाइल्स वेगळ्या आहेत. तक्ता लहानसाच, पण त्याच्या इतिहासाने व्यापलेली जागा मात्र वाढतच चालली होती.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली लिहिलेले गिट फाइलची प्रत्येक आवृत्ती जपते आणि दोन आवृत्त्यांतील फरक ओळीओळीने दाखवते. फाइल मजकुराची आहे की नाही, हे ते कसे ठरवते? युक्ती अगदी साधी आहे. सुरुवातीच्या ८००० बाइटमध्ये शून्य किमतीचा बाइट सापडला, की फाइल बायनरी! मग ओळी मोजण्याच्या भानगडीत ते पडत नाही.

पण तक्त्यात तर आकडे आणि अक्षरेच होती ना? एक प्रयोग करून पहा. लिबर ऑफिसच्या तक्त्याची एक प्रत घ्या, तिच्या नावाचा शेवटचा भाग बदलून 'झिप' करा आणि उघडा. आत अनेक फाइल्सचे गाठोडे दिसेल. आपला मजकूर त्यातल्या एकीत असतो. वर्ड आणि एक्सेलच्या आजच्या फाइल्सही अशाच असतात. जागा वाचावी म्हणून हे गाठोडे दाबून बांधलेले असते, आणि घोटाळा होतो तो या दाबण्यात.

दाबताना वारंवार येणाऱ्या चिन्हांना आखूड खुणा देतात. डेव्हिड हफमन यांनी ही पद्धत १९५२ साली मांडली. समजा, न = ०, ग = १० आणि र = ११. आता 'नगर' हा शब्द पाच वेळा सलग लिहा आणि आठ-आठ अंकांचे गट पाडा :

०१०११०१० ११०१०११० १०११०१०१ १

सुरुवातीला फक्त एक 'न' वाढवा :

००१०११०१ ०११०१०११ ०१०११०१० ११

पहिल्या ओळीतील पूर्ण गटांच्या किमती ९०, २१४, १८१. दुसऱ्या ओळीत त्याच जागी ४५, १०७, ९०. एकही जागा तशीच राहिली नाही. खऱ्या फाइलमध्ये तर खुणांचा कोशही मजकुराबरोबर बदलतो. त्यामुळे १२ मिलिमीटरचे १३ केले, तरी तिथून पुढचे बाइट ओळखू येत नाहीत.

गिटसुद्धा जागा वाचवण्यासाठी दाबतेच. मात्र साठा आवरताना ते सारख्या फाइल्समधला फरक आधी काढते आणि तो फरक मग दाबते. आपण आधीच दाबून दिलेल्या फाइल्समध्ये त्याला सारखेपणाच सापडत नाही, म्हणून जवळजवळ पूर्ण प्रत पुन्हा ठेवावी लागते. नंतर फाइल काढून टाकली तरी जागा सुटत नाही, कारण इतिहासात ती असतेच. (सीव्हीएस या जुन्या व्यवस्थेची तऱ्हा याहून वाईट होती. फाइल बायनरी आहे हे आठवणीने सांगितले नाही, तर ओळींची टोके बदलताना ती चित्रे बिघडवून ठेवी.)

मराठी अक्षरे घडवणाऱ्यांना ही अडचण चांगलीच ठाऊक असते. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचे मुक्त, बलू हे टंक खुल्या परवान्याखाली मिळतात. टंकाच्या मूळ आराखड्यात अक्षरांच्या वळणांचे बिंदू आकड्यांच्या रूपात, ओळींमध्ये लिहिलेले असतात. वेलांटी थोडी सरकवली, की नेमक्या त्या ओळी बदललेल्या दिसतात. तयार टंकफाइल बायनरी असते; वेबसाठीची तर दाबलेलीही. पण आराखडा हाती असेल तर ती केव्हाही पुन्हा तयार करता येते.

नागऱ्याच्या मित्राला आम्ही हेच सुचवले : तक्ता स्वल्पविरामांनी वेगळ्या केलेल्या साध्या मजकुरात ठेवा, एका दिवसाची एक ओळ. रंग आणि आलेख हवेतच, तर लिबर ऑफिसचा न दाबलेला 'सपाट' प्रकार आहे. मात्र त्यातला फरक वाचताना डोळे दुखतात. छायाचित्रांना असा उपाय नाही, जेपेग मुळातच दाबलेले असते. ती एकदाच ठेवावीत, पुन्हा पुन्हा सुधारून नव्हे. फारच झाली तर २०१५ साली आलेली 'गिट एलएफएस' ही जोड वापरावी. ती इतिहासात फक्त एक चिठ्ठी ठेवते आणि मोठी फाइल दुसरीकडे.

राहिल्या त्या १६ नोंदी. दोघांनी एकाच काळात तक्ता बदलला होता. बायनरी फाइल्स गिटला सांधता येत नाहीत. कोणती एक ठेवू, असे त्याने विचारले आणि घाईत एक निवडली गेली. दुसरी जुन्या आवृत्त्यांत शाबूत होती. ती बाहेर काढून दोन्ही तक्ते साध्या मजकुरात बदलले, शेजारी मांडले, तेव्हा १६ ओळी लगेच नजरेत आल्या.