कचरावेचकांचे आरोग्य आणि घरातला डबा

कचरावेचकांच्या अनेक दुखण्यांची सुरुवात घराघरांतल्या डब्यात होते. शिळी भाजी, फुटलेला ग्लास, वापरलेले सॅनिटरी पॅड आणि इन्सुलिनची सुई एकाच पिशवीत पडली, की त्यातून विकण्याजोगा कागद, प्लास्टिक किंवा पत्रा काढणाऱ्याला या सगळ्यात हात घालावा लागतो. हे काम करणाऱ्यांत मोठा वाटा दलित समाजातल्या स्त्रियांचा आहे.

सर्वांत नेहमीची इजा म्हणजे कापणे आणि टोचणे. काच, ब्लेड, गंजलेला पत्रा यांच्या जखमांतून धनुर्वाताचा धोका असतो. वापरलेल्या सुईतून कावीळ-ब, कावीळ-क आणि एचआयव्ही पसरू शकतो. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांच्या अनुभवावरून असे दिसते, की बाधित रक्ताची सुई टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीला कावीळ-बची लागण होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते; एचआयव्हीची सुमारे ०.३ टक्के. कावीळ-बपासून लस संरक्षण देते. सुई टोचल्यावर जागा लगेच साबण-पाण्याने धुणे आणि ७२ तासांच्या आत, शक्य तितक्या लवकर, एचआयव्ही प्रतिबंधक औषधे सुरू करणे आवश्यक असते. पण दवाखान्यात गेले की दिवसाची कमाई बुडते, म्हणून जखमेवर चिंधी बांधून काम चालू राहते.

हातमोजे दिले तरी ते अनेकदा पिशवीतच राहतात. प्लास्टिकच्या प्रत्येक प्रकाराला भंगाराच्या दुकानात वेगळा भाव मिळतो आणि तो प्रकार ओळखतात बोटे: पिशवी चुरगळून तिचा आवाज ऐकायचा, जाडी चाचपायची. जाड रबरी हातमोज्यात घाम साचतो, पकड सुटते, हा स्पर्शही जातो. हात मंदावला की कमाई घटते.

कचराभूमीवर धोका श्वासावाटे येतो. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो आणि तो पेट घेतो. १९२७पासून वापरात असलेल्या मुंबईच्या देवनार कचराभूमीला जानेवारी २०१६मध्ये लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस शहरावर होता. तिथे वेचणाऱ्यांना लहान आगींचा धूर नेहमीचाच. तांब्यासाठी वायरी जाळल्या, की प्लास्टिकच्या वेष्टणातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये बाहेर पडतात. धूळ आणि बुरशीच्या कणांनी खोकला, दमा बळावतो.

बाकीची झीज हळूहळू होते. दिवसभर वाकणे आणि भरलेले पोते डोक्यावर किंवा पाठीवर वाहणे यांमुळे कंबर, मान, गुडघे धरतात. पावसाळ्यात पायांना चिखल्या होतात, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते; भटक्या कुत्र्यांच्या चाव्यामुळे रेबीजची. वाटेत स्वच्छतागृह नसल्याने अनेक स्त्रिया पाणी कमी पितात, आणि त्यातून मूत्रमार्गाचे संसर्ग होतात.

या कष्टकऱ्यांना मालक नसतो, त्यामुळे कामगार विम्याचे छत्रही नसते. पुण्यात १९९३मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने ओळखपत्रे आणि आरोग्य विमा हे हक्क म्हणून मागितले, आणि महापालिकेने ते मान्य केले. पुढे ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेमार्फत कचरावेचक थेट दारातून कचरा घेऊ लागले. ओला-सुका वेगळा मिळाला, की उकिरड्यात हात घालण्याची वेळ कमी येते; आरोग्याच्या दृष्टीने हा बदल हातमोज्यांइतकाच मोलाचा आहे. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६नेही कचरा वेगळा करण्याची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्यावर टाकली.

ती पाळणे अवघड नाही. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वेगळी द्यावी. सुया झाकणाच्या टणक बाटलीत बंद करून वर तसे लिहावे. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा. आपल्या घरातला कचरा दुसऱ्या कुणाच्या तरी हातातून जाणार आहे. तो बांधताना त्या हातांचा विचार प्रत्येक घराने करावा.