कोड हातात आहे, पण चर्चा?

पावसाळ्यात आमच्या शिरगावात नेट गेलं की कधी कधी दिवसभर येत नाही. अशाच एका दिवशी मी प्रबंधाचं प्रकरण लिहीत होते. ज्या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाचा अभ्यास करतेय, त्याचा सगळा कोड लॅपटॉपवर क्लोन केलेला होता. कोणती ओळ कुणी, कधी बदलली हे गिट लॉगमध्ये दिसत होतं. पण का बदलली? ते इश्यूखालच्या चर्चेत, आणि चर्चा गिटहबवर. प्रकरण तिथेच अडलं.

संशोधनाला नव्याने येणारे बरेच जण गिट आणि गिटहब एकच समजतात. गिट हे मुक्त सॉफ्टवेअर. क्लोन केलं की कोडचा पूर्ण इतिहास तुमच्याकडे येतो. गिटहब ही मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये साडेसात अब्ज डॉलरला विकत घेतलेली सेवा. ती स्वतः मुक्त सॉफ्टवेअर नाही. इश्यू, पुल रिक्वेस्टवरची वादावादी, रिव्ह्यू हे तिच्या डेटाबेसमध्ये राहतं, क्लोनबरोबर येत नाही.

गंमत म्हणजे गिट जन्मलं तेच असल्या परावलंबनातून. लिनक्स कर्नलचं काम २००२ पासून बिटकीपर या मालकी साधनावर चालायचं. २००५ मध्ये कंपनीने फुकट वापराची सवलत काढून घेतली आणि लिनस टोरवाल्ड्सनी गिट लिहायला घेतलं.

सेवा बंद पडायलाच हवी असंही नाही. महाराष्ट्र एटीएसच्या मागणीवरून मुंबईच्या न्यायालयाने आदेश दिला आणि डिसेंबर २०१४ मध्ये देशभर ३२ संकेतस्थळं अडवली गेली. त्यांत पेस्टबिन होतं, इंटरनेट आर्काइव्ह होतं आणि गिटहबचं गिस्टही. आक्षेप दहशतवादी मजकुरावर होता. तिथे आपला कोड ठेवणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध?

मग प्रकल्पांनी गिटहब सोडावं का? ग्नोम आणि डेबियन स्वतःच्या सर्व्हरवर गिटलॅब चालवतात. पण त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी माणसं आहेत. दोन-तीन जणांच्या प्रकल्पाला हे सांगणं मला तरी पटत नाही. नवे हातभार लावणारे गिटहबवरच भेटतात. मुंबईत जन्मलेला ईआरपीनेक्स्ट जीपीएल परवान्याखाली आहे, त्याचंही काम तिथेच चालतं.

तुमच्या प्रबंधात मात्र नुसती लिंक देऊन थांबू नका. कमिटचा हॅश लिहा. सॉफ्टवेअर हेरिटेजला ती रिपॉझिटरी जतन करायला सांगा. स्वतःचा कोड असेल तर झेनोडोवर टाकून डीओआय घ्या. (झेनोडोचा स्वतःचा कोडही गिटहबवरच आहे, असो.) तरी चर्चा उरतेच. ती एपीआयने उतरवून घ्या, तारीख टाकून ठेवा. ही कटकट पहिल्याच वर्षी करा.

संध्याकाळी नेट आलं. इश्यू उघडला, तर ज्या मुद्द्यावर माझं प्रकरण उभं होतं, तो मांडणाऱ्याने दरम्यान खातंच बंद केलेलं. मुद्दा तिथे होता, पण नावाच्या जागी ‘घोस्ट’. गिट लॉगमध्ये त्याच माणसाचं नाव अजून आहे. आता तो हाच, हे मला तारखा जुळवून सिद्ध करावं लागतंय.