कल्पित कथेंतील माणसांचें बारसें

अद्भुत कथा लिहिण्याची हौस अलीकडे घरोघरच्या मुलामुलींस लागली आहे, ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडते. हस्तलिखित मासिकांतून आणि सुटींतल्या वह्यांतून कधीं नव्हतीं अशीं राज्यें व डोंगरांपलीकडच्या नगरी निर्माण होत आहेत. परंतु अशा कांहीं वह्या चाळतांना एक उणीव वारंवार डोळ्यांत भरते. राज्य नवें, पर्वत नवे, आणि माणसें मात्र नांवांपाशींच अडखळतात. राजा चंद्रसेन, त्याचा भाऊ चंद्रकेतु, प्रधान चंद्रभानु आणि शत्रु चंडसेन! तिसऱ्या पानावर कोणीं कोणास विष घातलें हें लेखकासही आठवत नसावें, असा संशय येतो. दुसऱ्या टोकास इंग्रजी पुस्तकांच्या अनुकरणानें आलेलीं झोर्गान, ग्रेल्थार असलीं नांवें. तीं मोठ्यानें वाचूं गेल्यास आजीबाईंची कवळी जागेवर राहील याची शाश्वती नाहीं. पहिल्या प्रकारांत माणसें निराळीं ओळखूं येत नाहींत, दुसऱ्यांत तीं खरीं वाटत नाहींत.

हा प्रश्न पोरकट नव्हे. महाभारतांत याचा एक सुंदर दाखला आहे. पांडव अज्ञातवासाकरितां विराटनगरींत शिरले तेव्हां प्रत्येकानें दोन नांवें घेतलीं: एक जगासाठीं, एक आपसांतल्या खुणेसाठीं. पहिलीं नांवें आमच्या घरांतून पुष्कळांस पाठ असतील: कंक, बल्लव, बृहन्नडा, ग्रंथिक, तंतिपाल. खुणेचीं नांवें किती जण न पाहतां सांगूं शकतील? तीं होतीं जय, जयंत, विजय, जयत्सेन आणि जयद्बल. एकच शब्द पांच वेळां घासून काढलेला! पहिल्या यादींत बल्लव आणि बृहन्नडा यांचा आरंभ एका व्यंजनानें होतो खरा, पण दुसऱ्या अक्षरावर पोहोंचण्यापूर्वींच त्यांची फारकत होते. शिवाय प्रत्येक नांवाला धंद्याचा वास आहे. तंतिपाल म्हणतांच गुरांचीं दावीं सांभाळणारा मनुष्य समोर उभा राहतो. शंभर कौरवांचेंही तसेंच. दुर्योधन आणि दुःशासन सोडले तर दुःसह, दुर्मुख वगैरे मंडळी कोणाच्या ध्यानांत राहते? विकर्ण मात्र राहतो. त्यानें द्यूतसभेंत द्रौपदीची बाजू घेतली हें मोठें कारण खरें. पण ‘दु’च्या गर्दींत ‘वि’ उठून दिसतो, हें कारणही लहान म्हणतां येणार नाहीं.

आमच्या फलटणांत तर हा घोटाळा इतिहासानेंच घालून ठेविला आहे. महानुभाव पंथाच्या पंचकृष्णांपैकीं चक्रपाणि यांचा जन्म येथला. जनकनायक व जनकाइसा हीं त्यांचीं मातापितरें. याच पंथाचे प्रवर्तक चक्रधर. चक्रपाणि आणि चक्रधर! त्यांतून चक्रपाणींस चांगदेव राऊळ म्हणत, ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंस गुंडम राऊळ म्हणत, आणि ज्ञानदेवांच्या भेटीस वाघावर बसून गेल्याची आख्यायिका ज्यांच्याविषयीं सांगतात ते चांगदेव पुन्हां तिसरेच. येथें आलेला पाहुणा हीं नांवें ऐकून तासाभरांत गोंधळून गेला तर त्याचा दोष नाहीं. इतिहासास आपल्या माणसांचीं नांवें बदलतां येत नाहींत. कथाकारास येतात, आणि न बदलल्यास तो अपराध त्याचाच.

ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन हे प्राचीन भाषांचे जाणते पंडित. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘हॉबिट’ या पुस्तकांतील बुटक्यांचीं नांवें त्यांनीं मनानें रचलीं नाहींत; बहुतेक सर्व नांवें जुन्या आइसलंडी काव्यांतील एका नामावळींतून उचललीं. म्हणून तीं एका कुळांतलीं वाटतात व खरीं वाटतात. पण ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या पुढच्या ग्रंथांत याच पंडितांनीं एका दुष्टाचें नांव साउरॉन व दुसऱ्याचें सारुमान ठेविलें. राल्फ बाक्शी यांनीं १९७८ सालीं त्यावर चित्रपट काढला तेव्हां प्रेक्षकांचा गोंधळ टाळावा म्हणून सारुमानचा ‘आरुमान’ करण्यांत आला, आणि तोही सर्व ठिकाणीं नाहीं! एका आद्याक्षराची किंमत एवढी असते.

यावरून एक नियम आम्हांस दिसतो. वाचक माणूस ओळखतो तो नांवाच्या तोंडावरून, शेपटावरून नव्हे. बजाजी, मुधोजी, महादजी, शहाजी यांची शेवटची ‘जी’ एक आहे, पण कोणी गोंधळत नाहीं. उलट ती ‘जी’ हीं सारीं माणसें एका मुलखांतलीं व एका काळांतलीं आहेत हें न सांगतां सांगते. तेव्हां तोंडें निराळीं असावीं आणि शेपटें एका घराण्याचीं असावीं. आमच्या लिपीपुरती आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. छापलेल्या बारीक अक्षरांत घ आणि ध, भ आणि म हीं म्हाताऱ्या डोळ्यांस सारखींच दिसतात. एकाच कथेंत घनश्याम व धनंजय असले तर चष्म्याचा नंबर वाढतो, एवढेंच. आणि ज्या घरांत एकानें वाचावयाचें व दहांनीं ऐकावयाचें अशी चाल आहे, तेथें डोळ्यांचा आधारही नसतो. सुमति आणि सुनीति यांत ऐकणारास फरक तो किती?

मराठी कादंबरीच्या आरंभकाळीं हा विचार फारसा झालेला दिसत नाहीं. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, त्यांचीच ‘रत्नप्रभा’ १८६६ ची, आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. या अद्भुत कादंबऱ्यांनीं आमच्या पणज्यांस वाचनाची गोडी लाविली, याबद्दल त्यांचे उपकारच मानले पाहिजेत. तथापि मोत्यांची माळ आणि रत्नांची प्रभा या नांवांच्या नायिका म्हणजे सराफाच्या दुकानांतली यादी. त्या कोणत्या गांवच्या, कोणाच्या लेकी, हें नांवावरून कळण्याचा कांहीं मार्ग नाहीं. मात्र अशीं नांवें सर्वस्वीं वायां जातात असें नाहीं. नाथमाधवांच्या कादंबरीमुळें घरोघर पोहोंचलेलें ‘वीरधवल’ हें नांव पुढें महाराष्ट्रांतील खऱ्या मुलांस ठेवलेलें आढळतें. २००८ च्या ऑलिंपिक शर्यतींत पोहलेला कोल्हापूरचा वीरधवल खाडे सर्वांस माहीत आहेच.

हा प्रश्न खऱ्या अर्थानें सोडविला तो आमच्याच कृष्णाकांठच्या दोघांनीं. कऱ्हाडजवळच्या टेंभूच्या आगरकरांनीं ‘हॅम्लेट’ मराठींत आणतांना राजपुत्रास चंद्रसेन केलें. भाषांतर विद्वत्तेचें, पण नांव पुस्तकी. सांगलीजवळच्या हरिपूरच्या देवलांनीं ‘ऑथेल्लो’ आणतांना त्याचा झुंजारराव केला. या एका नांवांत त्याची तलवार आहे, त्याचा तापट स्वभाव आहे, आणि ‘राव’ या दोन अक्षरांमुळें तो मराठी दरबारांत बसला तर कोणी त्यास परका म्हणणार नाहीं. १८९९ च्या ‘शारदे’ंत तर देवलांनीं कमाल केली. पैशासाठीं पोरीचा सौदा करणारा बाप कांचनभट, आणि तिच्याशीं लग्न लावूं पाहणारा म्हातारा भुजंगनाथ. सोन्याचा लोभ आणि सापाचें विष नांवांतच भरलें आहे. पण वरची टोपी भटाची आणि नाथाची असल्यामुळें तीं माणसें आमच्या आळींतलीं वाटतात. आंत अर्थ आणि बाहेर ओळखीचा पेहराव, ही त्यांची युक्ति. गडकऱ्यांचा तळीराम याच वाटेनें आला आणि भाषेंत सामान्यनाम होऊन राहिला.

येथें एक अवघड मुद्दा येतो. अर्थ भरावा तो किती? चंद्रहासाच्या आख्यानांत प्रधानाचें नांव दुष्टबुद्धि आहे. कीर्तनांत तें चालतें, कारण श्रोत्यांस कथा आधींच ठाऊक असते. पण नव्या कथेंत असें नांव आलें कीं आमच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो: कोणत्या आईनें आपल्या बाळाच्या कानांत ‘दुष्टबुद्धि’ असें सांगितलें असेल? नांव लेखक ठेवीत नाहीं. तें आईबाप ठेवतात, आत्या ठेवते, गांव ठेवतो, शत्रु ठेवतो. आईबापांस मुलाचें भविष्य ठाऊक नसतें. त्यांस फक्त आशा असते, किंवा भीति असते. पहिलीं मुलें दगावलीं म्हणून पुढच्याचें नांव दगडू किंवा धोंडू ठेवणारी आई मुलाची निंदा करीत नसते; ती त्यास दृष्टीपासून लपवीत असते. हें ज्यास कळलें त्यास नांव कसें रचावें हें निराळें शिकवावें लागत नाहीं.

याची सर्वांत कटु साक्ष आमच्याच सातारा जिल्ह्यानें दिली आहे. मुलगा हवा असतां मुलीमागून मुलगी झाली म्हणजे तिचें नांव ‘नकुशी’ ठेवीत, म्हणजे नको असलेली. शाळेच्या हजेरीपटावर, लग्नपत्रिकेवर, सर्वत्र तेंच. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यांत साताऱ्यास जिल्हा प्रशासनानें समारंभ करून अशा २८५ मुलींस नवीं नांवें दिलीं, आणि पुष्कळींनीं तीं आपल्या आवडीचीं निवडलीं. आम्ही हें येथें सांगतों याचें कारण एकच. नांव म्हणजे एका माणसानें दुसऱ्यावर केलेली कृति होय. कल्पित नगरींत एखादी नकुशी असली तर तिच्या घरचा सारा इतिहास तीन अक्षरांत आला. आणि तिनें पुढें आपलें नांव स्वतः निवडलें तर कथेस कथानक मिळालें. रत्नप्रभेस असें कांहीं करतां येत नाहीं.

याच दृष्टीनें आणखी एक खोड सांगावीशी वाटते. आमच्या अद्भुत कथांत राजपुत्र संस्कृत नांवाचे असतात आणि नोकर धोंड्या, गणप्या, किसन्या असतात. हा ‘या’ तिरस्काराचा आहे. कोणास अहोजाहो करावें व कोणास अरेतुरे, याचा पहिला धडा दहा वर्षांचें मूल अशा गोष्टींतूनच गिरवतें. जें राज्य आपणच निर्माण केलें त्यांत तरी ही रूढि कोणाच्या आग्रहानें आणावयाची?

मग नांवें आणावीं कोठून? आमच्या मतें, खिडकीबाहेरून. १९४८ सालीं विलीन झालेल्या फलटण संस्थानचे अधिपति निंबाळकर मूळचे पवार. त्यांचें आडनांव तालुक्यांतील निंबळक या गांवावरून पडलें, असें सांगतात. गांव आधीं, ‘कर’ मागून. म्हणून कल्पित देशाचें प्रथम गांव रचावें, माणूस आपोआप त्यांतून निघतो. आमच्या भागांतलीं गांवें ऐका: विडणी, तरडगांव, ढवळ, गिरवी, आसू, बरड, सोमंथळी, दुधेबावी. यांत ड, ढ, ण, ळ यांचा खडखडाट आहे, तो चंद्रकेतूंत नाहीं. सोमंथळीचें शेपूट विडणीच्या तोंडास जोडलें कीं विडथळी झाली; तेथला सरदार विडथळकर. हें गांव नकाशावर शोधूं गेल्यास सांपडूं नये, पण एस्‌टीच्या पाटीवर दिसल्यास आश्चर्यही वाटूं नये. निंबाळकरांच्या वंशावळींत वणंगपाळ असें एक नांव आहे. इतकें भारदस्त नांव कोणत्या इंग्रजी पुस्तकांत सांपडेल? आणि त्याच घराण्यांतली, शिवाजी महाराजांस दिलेली सई. एक अक्षर आणि एक स्वर, संपलें नांव. तरी विसरणें शक्य नाहीं.

वणंगपाळांची बहीण मालोजीराजे भोसल्यांस दिली होती. तिचें नांव कोठें उमाबाई, तर कोठें दीपाबाई आढळतें. लग्नांत तांदुळांत नांव लिहून सुनेचें माहेर पुसण्याची आमची चाल पाहतां असें दुहेरी नांव दिसल्याचें नवल वाटूं नये. कथाकारास ही मोठी सोय आहे. माहेरचा माणूस तिला एका नांवानें हाक मारील, सासरचा दुसऱ्या. हाक ऐकतांच कोण आलें तें वाचकास कळेल. एकत्र कुटुंबांत आजोबांचें नांव नातवास ठेवतात आणि सुनेनें तर सासऱ्याचें नांव उच्चारावयाचें नसतें. म्हणून नातू ‘बाळ’ होतो, आणि पुढें त्याच्या नातवंडांचा ‘बाळआजोबा’. तात्या, अण्णा, बापू, नाना हीं सारीं घोटाळा टाळण्याकरितां घरानेंच शोधलेलीं साधनें आहेत. कथेंत मात्र सर्वजण एकमेकांस पूर्ण नांवानें हाका मारतात, जणूं घर नव्हे तर कचेरी! फलटणच्या बोलींत किती भेद आहेत याचा अभ्यास करून मॅक्सिन बर्नसन या विदुषींनीं १९७३ सालीं अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठासाठीं प्रबंध लिहिला. एका गांवच्या बोलण्याच्या तऱ्हांवर एवढा प्रबंध होऊं शकतो, तर एका कल्पित राज्यांत सर्वांनीं एकाच तऱ्हेनें कां बोलावें?

ज्यांस आरंभींचीं अक्षरें सुचत नाहींत त्यांनीं पंचांग उघडावें. अवकहडा चक्रांत सत्तावीस नक्षत्रांचे एकशें आठ चरण व प्रत्येकाचें एक आद्याक्षर दिलेलें असतें. अश्विनीस चू, चे, चो, ला, आणि रोहिणीस ओ, वा, वी, वू. पात्रांचीं नक्षत्रें निरनिराळीं घेतलीं कीं तोंडें बहुधा आपोआप निराळीं होतात. ज्योतिषावर विश्वास असण्याची गरज नाहीं.

राक्षस आणि चेटकिणी यांस मात्र हे नियम लागू नाहींत. त्यांस नक्षत्रही नसतें आणि गांवही नसतें. तेथें मुलांच्या जिभेवरचा नाद हाच प्रमाण. रत्नाकर मतकरींनीं हें ओळखलें होतें. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अलबत्या गलबत्या’ हीं नांवें कोणत्याच कोशांतलीं नव्हत, पण एकदां ऐकल्यावर मूल तीं दिवसभर म्हणत फिरतें. त्यांच्या चेटकिणीचें नांव चिंची. दोन अक्षरांत चिंचेचा आंबटपणा आणि चिमट्याची बोंच; नाटकगृहांत दिवे मालवल्यावर तिची चाहूल लागली कीं मांडीवरचें पोर आधीं खुदकन हंसतें आणि लगेच आईचा पदर घट्ट धरतें.