स्वाध्याय, यंत्र आणि आपले नाव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपल्याच वसतिगृहात वाढलेला आणि आता इतिहास विषयात एम. ए. करीत असलेला एक विद्यार्थी भेटावयास आला. खर्ड्याच्या लढाईवरील आपला वीस पानांचा प्रकल्प त्याने माझ्यापुढे ठेवला. खर्डा आपल्याच जामखेड तालुक्यातला. मार्च 1795 मध्ये मराठे व निजाम यांच्यात तेथे झालेली लढाई आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. प्रकल्पाचे इंग्रजी निर्दोष होते. संदर्भसूचीतील दोन ग्रंथ मात्र मला कोठेच आढळेनात. विचारले तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "सर, एआयने लिहून दिले." ग्रंथांची नावेही यंत्रानेच रचली होती.

असे का घडते? ही यंत्रे अफाट लिखाणावर घडविलेली असतात आणि पुढे कोणता शब्द येणे अधिक संभवनीय आहे, याचा अंदाज घेत वाक्ये जुळवितात. त्यामुळे लेखक, सन, प्रकाशक अशी सारी ठेवण हुबेहूब साधते. ग्रंथ मात्र नसतो. दुसरी उणीव मला अधिक बोचली. या लढाईच्या संदर्भात आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाणारे शिदनाक महारांचे नाव त्या वीस पानांत एकदाही नव्हते. ज्यांच्याविषयी लिहिलेच कमी गेले, त्यांच्याविषयी यंत्रही मूक राहते. ते नाव कागदावर आणण्याचे काम ज्याने करावयाचे, त्यानेच ते यंत्रावर सोपविले होते.

मी त्याच्यावर रागावलो नाही. मराठी माध्यमातून आलेल्या, घरातील पहिल्याच पदवीधराला इंग्रजीची किती धास्ती असते, हे मी स्वतः अनुभवले आहे. अवघड इंग्रजी उतारा यंत्राकडून सोपा करून घ्यावा, स्वतः लिहिलेल्या मसुद्यातील व्याकरण तपासून घ्यावे, आपल्या मांडणीवर शंका विचारावयास सांगावे; यात गैर काही नाही. मात्र प्रत्येक विधान मूळ ग्रंथाशी ताडून पाहावे आणि घेतलेली मदत स्पष्टपणे नमूद करावी. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी मसुद्याच्या श्रेयातील वाटा बी. एन. राव आणि एस. एन. मुखर्जी यांना नावानिशी दिला होता. मदत सांगितल्याने त्यांचे कर्तृत्व तसूभरही उणे झाले नाही.

नियमही माहीत असावेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना सोडले जाते. 60 टक्क्यांहून अधिक आढळल्यास नोंदणी रद्द होते. यंत्रलिखित मजकूर ओळखणारी साधने मात्र बेभरवशाची आहेत. 2023 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशांचे निबंध त्यांतून तपासले, तेव्हा सरासरी निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरविले गेले. असा खोटा आळ आपल्या मुलांवरच आधी येणार. म्हणून टिपणवही आणि कच्चे मसुदे तारखांसह जपून ठेवावेत.

पालकांना इंग्रजी येत नसले तरी अडत नाही. मुलाला समोर बसवून म्हणावे, "काय लिहिलेस ते मराठीत सांग." स्वतः लिहिलेले असेल तर तो सांगू शकतो.

तो विद्यार्थी दोन दिवस खर्ड्यास राहिला, किल्ल्यापाशी हिंडला, वृद्धांशी बोलला. नवा प्रकल्प चौदाच पानांचा झाला. इंग्रजी दोन-तीन ठिकाणी अडखळते. अखेरीस त्याने लिहिले आहे की, व्याकरण तपासण्यासाठी एआयची मदत घेतली. आणि त्याखाली खर्ड्यातील ज्या चार वृद्धांनी माहिती दिली, त्यांची नावे आहेत.