चिल्लई कलांची बेगमी

दरवर्षी २१ डिसेंबरला काश्मीर खोऱ्यात चिल्लई कलां बसतो. जानेवारी संपेपर्यंतचे हे चाळीस दिवस सर्वांत कडाक्याचे. त्यामागून वीस दिवसांचा चिल्लई खुर्द येतो आणि शेवटी दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. हा सत्तर दिवसांचा हिशेब तिथल्या लहान पोरांनाही तोंडपाठ असतो. आपल्याकडची पर्यटक मंडळी याच दिवसांत गुलमर्गचा बर्फ बघायला जातात आणि आठवड्याभरात परततात. ज्यांचे घरच तिथे आहे ती माणसे हे सत्तर दिवस कसे काढतात, काय खातात, घरात बसून काय करतात, हे मला त्या बर्फापेक्षाही जास्त पाहण्याजोगे वाटते.

थंडी किती, ते आधी समजून घेऊ. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचावर आहे. डिसेंबरअखेरीस तिथे दिवस जेमतेम दहा तासांचा असतो. खोऱ्याला चहूबाजूंनी डोंगर आहेत, त्यामुळे रात्री उतारांवरची गार, जड हवा खाली येऊन तळाशी साचून राहते. आकाश निरभ्र असेल तर जमिनीची ऊब झपाट्याने निघून जाते. म्हणून चांदण्याची रात्र तिथे जास्त बोचरी, आणि ढग दाटले की लोक जरा सैलावतात, कारण आता बर्फ पडेल पण पारा फार उतरणार नाही. २०२४च्या डिसेंबरात श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांवर गेला होता. अशा रात्री नळ गोठतात आणि दल सरोवराच्या काठाने पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो. त्यात विजेची ओढाताण. तिथली बरीचशी वीज नद्यांच्या पाण्यावर होते आणि थंडीत नद्या रोडावतात. म्हणजे वीज सर्वांत जास्त लागते ती याच दिवसांत, आणि तयार होते सर्वांत कमी तीही याच दिवसांत. हीटरच्या भरवशावर राहून चालत नाही, हे काश्मिरी घराला पक्के ठाऊक असते.

म्हणून हिवाळ्याची तयारी भर उन्हात सुरू होते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गावोगावी छपरांवर, सज्जांत, खिडक्यांच्या चौकटींना वाळत घातलेल्या भाज्या दिसू लागतात. दुधीच्या लांब पट्ट्या, उभी चिरलेली वांगी, मधोमध कापलेले टोमॅटो, दोऱ्यात ओवलेल्या शलगमाच्या चकत्यांच्या माळा, आणि मासेसुद्धा. या सुकवलेल्या भाज्यांना होख स्युन म्हणतात. कोकणातले वाचक हे लगेच ओळखतील: पावसाळ्यापूर्वी आगोटीची बेगमी करताना सुकट-बोंबील, सांडगे, कुरडया डब्यांत भरतात, तसेच हे. तिकडे कारण बर्फाचे. जम्मूहून येणारा रस्ता बर्फाने आणि दरडींनी दिवसच्या दिवस बंद पडायचा. १९५६ साली जवाहर बोगदा झाला तरी हे पुरते थांबले नव्हते. २०२१ साली साडेआठ किलोमीटरचा नवा बोगदा खुला झाला, २०२५ साली कटऱ्याहून श्रीनगरकडे रेल्वे धावू लागली. आता जानेवारीतही ताजी भाजी बाजारात असते. तरीही सुक्या वांग्याचे कालवण चिल्लई कलांत चुलीवर चढतेच. पूर्वी ते नाइलाजाने शिजायचे, आता आवडीने शिजते, आणि मला हा फरक फार आनंदाचा वाटतो.

दुसरी बेगमी कोळशाची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चिनार लाल होऊन झडतो. पर्यटक त्या पानांचे फोटो काढत असतात त्याच वेळी बायका हाती खराटे घेऊन ती पाने गोळा करत असतात. ढीग पेटवायचा, ज्वाळा बसू लागली की वरून पाणी शिंपडायचे आणि उरलेला काळा, हलका कोळसा पोत्यांत भरून ठेवायचा. हा कोळसा कांगडीसाठी.

कांगडी नीट पाहण्यासारखी वस्तू आहे. आत हंडीच्या आकाराचे मातीचे भांडे, त्याभोवती काड्यांची घट्ट वीण, धरायला मूठ, आणि निखारे उकरायला साखळीने अडकवलेला एक छोटा पळा. चरार-ए-शरीफ आणि बांदीपोरा या गावांच्या कांगड्या नावाजलेल्या. तळाशी टणक कोळसा, वर चिनारच्या पानांचा चुरा, त्यावर दोन-चार जळते निखारे आणि सर्वांत वर राखेचा थर, अशी ती भरतात. साधारण पाव किलो कोळसा कित्येक तास पुरतो. ऊब कमी झाली की राख जराशी बाजूला सारायची. बस्स, एवढेच तिचे बटण. ती फेरनच्या आत धरतात. फेरन म्हणजे गुडघ्याखाली पोचणारा ढगळ अंगरखा. हात बाह्यांत न घालता आतच ठेवलेले असतात, त्यामुळे रस्त्याने चालणाऱ्या माणसाच्या दोन्ही बाह्या रिकाम्या लोंबताना दिसतात आणि पोटापाशी कांगडीचा फुगवटा. बाकीची खोली थंड राहिली तरी माणूस ऊबदार राहतो. इतक्या कमी जळणात हे साधणारी दुसरी सोय मला तरी माहीत नाही.

तिचा धोकाही खरा आहे. वर्षानुवर्षे मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि पोटाला शेक बसून तिथली त्वचा जाळीदार काळसर होते आणि काहींना पुढे त्याच जागी कर्करोग होतो. डॉ. एल्म्सली या मिशनरी डॉक्टरने १८६६ साली या आजाराची नोंद केली, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत तो आजही कांगडीच्या नावानेच ओळखला जातो. शिवाय बंद खोलीत कोळसा धुमसत राहिला की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. म्हणून खिडकीला बोटभर फट ठेवायची आणि निजण्यापूर्वी निखारे बाहेर न्यायचे, हा तिथला नियम, आणि तो नाशिक-महाबळेश्वरकडे शेगडी पेटवून बसणाऱ्यांनीही पाळायला हवा.

ऐपतदार घरांत आणि बहुतेक मशिदींत हमाम असतो. दगडी फरशीखाली पोकळी ठेवून तिथे लाकडे जाळतात. फरशी तापते, तिथेच बसवलेल्या तांब्याच्या टाकीतले पाणीही तापते. एवढे जळण सगळ्या घराला पुरवणे कुणालाच परवडत नाही. मग थंडीत सगळे कुटुंब एका खोलीत येते. उन्हाळ्यात तीन मजल्यांवर पांगलेली माणसे, आजीपासून शाळेला हिवाळी सुट्टी लागलेल्या नातवंडांपर्यंत, दोन-अडीच महिने एकाच सतरंजीवर. काश्मिरी हिवाळ्याचे मर्म मला इथे दिसते. ऊब वाटून घ्यावी लागते, त्यामुळे एकट्याने कुढत बसायला फारशी जागाच उरत नाही.

खाण्यापिण्याचे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळा लेख होईल. पहाटे श्रीनगरच्या जुन्या शहरात, आली कदलच्या आसपास, हरीसाच्या दुकानांपुढे गर्दी असते. मटण, तांदूळ आणि बडीशेप-वेलची रात्रभर मंद आचेवर शिजवून, घोटून केलेला हा लगदा वर कडकडीत तेल ओतून गरम रोटीबरोबर खातात. दिवसभर मिठाचा गुलाबी नून चाय चालू असतो. काश्मिरी पंडितांच्या घरी पौषातल्या अमावास्येला खिचडी करून तिचा एक वाटा यक्षासाठी घराबाहेर ठेवतात. जम्मूत, दिल्लीत, पुण्यात विखुरलेल्या कुटुंबांनीही ही रीत सोडलेली नाही. आणि पहिला बर्फ पडला की एकमेकांना फसवून हातात बर्फ द्यायची पैज लागते. ज्याने अनवधानाने तो घेतला, त्याने मेजवानी द्यायची.

पण खाऊन-पिऊन सत्तर दिवस सरत नाहीत. हातांना काम लागते, आणि शेते बर्फाखाली असतात. सोझनीचे बारीक भरतकाम, पश्मिन्याची सूतकताई, कागदाच्या लगद्याची रंगीत भांडी, गालिचे, ही सारी कामे बसून, घरात, खिडकीच्या उजेडाला करता येण्याजोगी आहेत. पंधराव्या शतकात सुलतान झैन-उल-आबिदीनच्या काळात या कलांना मोठा आश्रय मिळाला. त्या घरोघर टिकल्या याला लांबलचक हिवाळ्याचाही हातभार लागला असावा, असे मला वाटते. कानिहामा गावात मागावर चालणारे कानी शालीचे काम पाहावे. ताण्यावर रंगीत धाग्यांच्या लाकडी काड्या ओळीने लोंबत असतात. समोर नक्षीचे चित्र नसते, असतो तो तालीम नावाच्या सांकेतिक लिपीतला कागद: कोणता रंग, किती धाग्यांवरून. विणकर तो वाचत काडी आत-बाहेर करतो. बारीक नक्षी असेल तर दिवसभरात बोटभरही कापड पुढे सरकत नाही. एका शालीला वर्ष सहज लागते. श्रीनगरला २०२१ साली युनेस्कोने हस्तकला आणि लोककलांचे सर्जनशील शहर म्हणून मान दिला, तो अशाच हातांच्या कामाला.

रात्रीसाठी गोष्टी. वेताळ-पंचविशी ज्यात आहे तो कथासरित्सागर सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्येच, राणी सूर्यमतीसाठी रचला. तोंडी कथा सांगणाऱ्यांची परंपराही तितकीच सशक्त होती. १८९६ साली संशोधक ऑरेल स्टाइन यांनी हातिम नावाच्या कथेकऱ्याकडून गोष्टी उतरवून घेतल्या. हातिम मूळचा तेलघाणीवाला. काही वर्षांनी पुन्हा सांगायला लावल्या तेव्हा त्याने त्या जवळजवळ शब्दन् शब्द तशाच सांगितल्या, याचे स्टाइनना मोठे नवल वाटले होते. १९२३ साली त्यांनी भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सन यांच्यासह या गोष्टींचे पुस्तक प्रसिद्ध केले. आता कुटुंबाच्या त्या एका उबदार खोलीतही मोबाइल पोचला आहे आणि तरुण मुलांना सोझनीच्या मजुरीत भागत नाही, म्हणून ती हे काम सोडत आहेत. त्यांना दोष देता येणार नाही. यंत्रावर विणलेली स्वस्त शाल हातकामाची म्हणून खपते, तिथे खरी चूक आहे.

या जानेवारीत काश्मीरला जाणार असाल, तर एक सकाळ जुन्या श्रीनगरसाठी राखून ठेवा. मुक्कामाच्या खोलीत कोळशाची शेगडी असेल तर झोपण्यापूर्वी ती बाहेर ठेवायला सांगा. आणि पश्मिना घ्यायचा असेल तर भौगोलिक मानांकनाची खूण बघून, शक्यतो कारागिराकडूनच घ्या, आणि त्याने सांगितलेल्या किमतीत घासाघीस करू नका.